घरचंच गिऱ्हाईक

पिंपळे सौदागरमध्ये आता पेरूचं झाड कुठं आहे म्हणून विचारलं, तर लोक तुम्हाला मॉलमधल्या फळांच्या काउंटरकडे पाठवतील. पण नदीच्या अंगाला, दोन सोसायट्यांच्या भिंतींमधून जी पायवाट खाली उतरते, तिच्या टोकाला भिमाजीची थोडी जागा होती आणि तिच्यात पेरूची वीसेक झाडं अजून उभी होती. ती काही कुणाच्या पुण्याईनं वाचली नव्हती. जागा पूररेषेत येत होती, तिथं बांधकामाला परवानगी नव्हती, म्हणून बिल्डरनं ती सोडून दिली. बाकीची सगळी बाग त्यानं घेतली आणि तिच्यावर अकरा मजले चढवले. त्यातल्या चौथ्यावर भिमाजी, त्याची बायको गोजाबाई, मुलगा रोहिदास आणि सून प्राजक्ता राहत होते. म्हणजे भिमाजी अजून आपल्याच बागेत राहत होता म्हणायचा, फक्त जमिनीपासून चाळीस फूट वर.

सकाळचा चहा झाला की तो लिफ्टनं खाली उतरायचा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत झाडांतून हलायचा नाही. "निगाले सवतीकडं," गोजाबाई दारातून म्हणायची. खरं तर ती सवत दोघांनी मिळूनच सांभाळली होती. लग्न होऊन आली तेव्हा गोजाबाई पेरूची पाटी घेऊन पिंपरीला कंपनीच्या गेटवर बसायची. भोंगा झाला की पहिली पाळी सुटायची, निळ्या कपड्यांतले कामगार सायकली हातात धरून बाहेर यायचे आणि तिच्याभोवती कोंडाळं करायचे. पेरू चार ठिकाणी चिरायचा, तिखट-मीठ भुरभुरायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. कुणाला कच्चा लागतो, कुणाला मऊ, हे तिला चेहऱ्यावरून ठाऊक असायचं. मोठा माल भिमाजी पहाटे टेंपोनं पुण्याला न्यायचा. दुपारी परत येऊन दोघं विहिरीच्या काठावर भाकरी खायची, तेव्हा सगळ्या रानाला पिकल्या पेरूचा वास असायचा. ते दिवस आठवले की भिमाजीचे डोळे भरून यायचे, आणि कुणी बघितलं तरी तो ते पुसायची घाई करायचा नाही.

रोहिदास काही वाईट मुलगा नव्हता. पण तो जागा-जमिनीच्या व्यवहारात वाढलेला, त्यामुळे रिकामी जागा दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. शिवाय त्याची भीती खोटी नव्हती. नदीकाठी मोकळी जागा ठेवली की लोक ट्रक भरभरून राडारोडा आणून ओततात. शेजारच्या पट्ट्याचं तेच झालं होतं. रोहिदासकडे एक टर्फवाला खेपा घालत होता. चारी बाजूंनी जाळी, खाली हिरवी सतरंजी, वर दिवे, आणि वाकडच्या आयटीतली पोरं तासाचे पैसे मोजून क्रिकेट खेळणार. महिन्याच्या महिन्याला भाडं घरपोच. झाडं तेवढी काढावी लागणार होती.

"झाडं काय देत्यात आपल्याला, आप्पा?" असं रोहिदासनं एकदा जेवताना विचारलं. उत्तर सुनेनं दिलं.

प्राजक्ताचं माहेर चाकणच्या अलीकडचं. शिक्षण सूक्ष्मजीवांचं, नोकरी चाकणच्याच एका मसाल्याच्या कंपनीत, लॅबमध्ये. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं आणि मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवून संध्याकाळी परत यायचं. दोन वर्षांपासून ती हौस म्हणून मागच्या बाल्कनीत कोंबुचा लावायची. गोड चहा करून गार करायचा, बरणीत ओतायचा, त्यात आधीच्या बरणीतला जाड सायीसारखा थर सोडायचा आणि वर फडकं बांधून आठ-दहा दिवस ठेवून द्यायचा. चहा आंबला की गाळून बाटलीत भरायचा, त्यात फळाचा गर घालून झाकण लावायचं, आणि दोन दिवसांनी फेस धरला की फ्रिजमध्ये. "शिळा च्या इकून कोन शिरीमंत झालंय?" असं गोजाबाई म्हणायची, पण फडकी तीच धुऊन द्यायची.

प्राजक्ताचं म्हणणं असं, की वाकडच्या दुकानात बेंगळुरूची बाटली दोनशेला विकली जाते. साखर, चहा, गॅस, बाटली, लेबल, लायसन्स, दुकानदाराचं कमिशन, हे सगळं धरलं तर छोट्या माणसाच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. उरलं तर एकाच गोष्टीत उरतं, ते म्हणजे फळ. विकतचा पेरू घ्यायचा तर धंदा पहिल्याच दिवशी बसला. घरचा पेरू असेल तर उभा राहील. रोहिदासला हिशेबाची भाषा कळायची. त्यानं सांगितलं, संक्रांतीपर्यंत बघू. आठवड्याला साठ बाटल्या खपल्या तर टर्फवाल्याला नाही म्हणतो.

हे ऐकलं आणि भिमाजीनं दुसऱ्या दिवशी एकेका झाडाला हात लावून बातमी सांगितली. हसायचं तर हसा.

बहार चांगला आला होता. प्राजक्तानं लेबलावर पेरूचं चित्र टाकलं, वाकडच्या दुकानात बाटल्या ठेवल्या आणि पुढच्या शनिवारी हिशेबाला गेली. जवळजवळ होत्या तशा क्रेटमध्ये घालून परत घेऊन आली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. दुकानदार चांगला माणूस होता, लोकांना नव्या मालाची सवय व्हायला वेळ लागतो म्हणाला. प्राजक्ता घरी आली. तिनं क्रेट खाली ठेवलं, स्वयंपाकाला लागली आणि भाजीत मीठ घालायला विसरली. भिमाजीनं ती अळणी भाजी निमूट खाल्ली, आणि तिथंच त्याच्या डोक्यात त्याच्या बापाची अक्कल जागी झाली.

त्याचा बाप मंडईत माल न्यायचा तेव्हा बरोबर घरचा एक माणूस न्यायचा. हा माणूस आधीच वेगळा उतरायचा, अनोळखी होऊन हिंडायचा आणि मग आपल्याच पाटीपुढं येऊन "वा, काय पेरू हाय" म्हणून चढ्या भावानं पहिली पाटी घ्यायचा. ते बघून बाकीची गिऱ्हाइकं ओढली जायची. लबाडी म्हणाल तर लबाडी, पण सगळेच करायचे. गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक ओढतं, एवढंच त्यातलं शास्त्र.

भिमाजीनं मारुतरावांना गाठलं. मारुतराव कंपनीतून रिटायर झालेले, भजनी मंडळात टाळ धरणारे, आणि कुठल्याही भानगडीत दुसऱ्याच्या आधी पाऊल टाकणारे. त्या सोमवारी ते आणि मंडळातले आणखी तिघे बसनं वाकडला गेले. काचेचं दार, आत एसी, कपाळावर बुक्का लावलेली चार माणसं, आणि काउंटरवरच्या मुलीला प्रश्न पडला की पत्ता चुकलेत की वर्गणी मागायला आलेत. मारुतरावांनी घसा साफ करून पेरूचा कोंबुचा मागितला आणि चौघांनी मिळून दहा बाटल्या उचलल्या. पुढच्या वेळी त्या मुलीनं त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, आणि मग आठवड्याला त्यांच्या चार खेपा होऊ लागल्या.

पैसे भिमाजीचे. गावठाणात त्याच्या चार खोल्या होत्या, त्यात चाकणला कामाला जाणारी पोरं भाड्यानं राहायची, आणि ते भाडं त्याच्या हातखर्चाचं होतं. आता ते वाकडला जायचं, तिथं दुकानदार आपलं कमिशन कापून घ्यायचा आणि उरलेलं प्राजक्ताच्या हाती परत त्याच घरात यायचं. या व्यवहारात फक्त दुकानदार सुखी होता. पण भिमाजीला कुणी असं मांडून दाखवलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

बाटल्यांचं करायचं काय, हा प्रश्न होता. मारुतरावांनी पहिल्या दिवशी एक पूर्ण प्यायली, दिवसभर ढेकर दिले आणि मैत्रीखातर एवढंच जमेल म्हणून सांगितलं. भिमाजीनं तोंडाला लावून बघितली आणि त्याला दात आंबल्यासारखं झालं. घरी ठेवायची सोय नव्हती, कारण घरी प्राजक्ता. मग विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत तो त्या रचत गेला. मोटार केव्हाच बंद पडलेली, खोलीची किल्ली त्याच्या करगोट्याला. लेबलावर बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असायचं, ते त्यानं कधी वाचून घेतलं नाही. माल सावलीत, कोरड्या जागी, एकमेकाला न घासता ठेवायचा, एवढं पेरूवाल्याला कळतं तेवढं त्यानं केलं.

गोजाबाईला अर्थात कळलंच. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या करगोट्याला नवी किल्ली दिसली आणि बायकोला पत्ता लागला नाही, असं घडत नाही. तिनं खोली उघडून बघितली, कपाळावर हात मारला आणि हे पोरीला सांगून टाका म्हणाली. भिमाजीनं संक्रांतीपर्यंत दम धर म्हणून तिला गप्प केलं.

आणि बाहेर सगळं बहरात आलं होतं. खप साठाच्या वर गेला. प्राजक्ताची फक्त एक तक्रार होती, की गिऱ्हाईक रिकाम्या बाटल्या दुकानात परत करत नाही, त्यामुळे दर वेळी नव्या विकत घ्याव्या लागतात आणि नफा तिथंच गळतो. भिमाजी ते ऐकून वरणात भात जास्तच कालवायचा. पण बाकी घरात आनंद होता. रोहिदास बायकोशी धंद्यातल्या माणसाशी बोलावं तसं आदरानं बोलू लागला. रविवारी प्राजक्ता पेरू उतरवायला सासऱ्याबरोबर बागेत येऊ लागली. कुठलं झाड कुणी लावलं, कुठल्या झाडाखाली गोजाबाईला साप दिसला होता, नदी कशी होती, तिच्यात उतरून पाणी पिता यायचं, हे सगळं तो सांगायचा आणि ती पुन्हा पुन्हा विचारायची. एकदा फांदी वाकवून धरताना ती म्हणाली, की तिच्या माहेरची जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा ती शाळेत होती. घरी आली तर बांधावरची बोरं, चिंच, काहीच नव्हतं, नुसती लाल माती. आधी कुणी सांगितलंसुद्धा नाही. ही बाग राहिली तर मला माहेर राहिल्यासारखं होईल, आप्पा. भिमाजीला इतकं बरं वाटलं की त्या आठवड्यात त्यानं मारुतरावांना आणखी दहा बाटल्या जास्त आणायला लावल्या.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी जेवणं चालली होती. प्राजक्तानं सांगितलं, की मोशीच्या पुढं चाकण रोडला एक शेड भाड्यानं मिळतेय, थंड खोलीसकट. तिनं कर्जाची चौकशी केली आहे, तिच्या नावावर मिळेल. सोमवारी ती कंपनीत राजीनामा देणार आणि मंगळवारी शेडच्या कागदावर सही करणार. रोहिदास म्हणाला, जा बिनधास्त, उद्या मी टर्फवाल्याला नाही म्हणून कळवून टाकतो.

म्हणजे झाडं वाचली. भिमाजीनं जे मागितलं होतं ते त्याच्या ताटात पडलं होतं, आणि ते ताट अर्धवट टाकून तो हात धुवायला उठला. गोजाबाई त्याच्याकडे एकटक बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत गेला, तर मोटारीच्या खोलीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. त्यानं कुलूप काढलं. आत पत्र्याखाली ऊब कोंडली होती. दहा-बारा बाटल्या फुटलेल्या, काचा भिंतीपर्यंत उडालेल्या, जमीन चिकट, आणि मुंग्यांनी रांगा लावलेल्या. आंबट वास आणि त्याच्या खाली पेरूचा वास, दाट, जुन्या दिवसांतला. तो उंबऱ्यावर बसला.

कुणी बघितलं नव्हतं. काचा गोळा करून नदीकाठच्या राडारोड्यात टाकल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. पुढचे काही महिने खोल्यांच्या भाड्यावर ढकलता आले असते. पण शेडला थंड खोली होती, तिथं साठ नाही, पाचशे बाटल्या भरणार होत्या, आणि पाचशे बाटल्या पिणारं भजनी मंडळ त्यानं कुठून आणायचं? पोरीची नोकरी गेलेली, डोक्यावर कर्ज, आणि माल परत येतोय. तिच्या पायाखालची जमीन एकदा तिला न विचारता काढून घेतली होती. दुसऱ्यांदा ते काम आपण करणार, हे त्याला तिथं बसल्या बसल्या स्पष्ट दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि झाडांकडे बघून रडूही आलं, कारण तोंड उघडलं की ती जाणार होती.

त्यानं फोन करून प्राजक्ताला खाली बोलावलं. ती आली, दारात उभी राहिली. एक बाटली उचलून तिनं लेबलावरची तारीख वाचली, मग दुसरी, मग तिसरी. नोव्हेंबरपासूनचा माल होता. तिला समजायला वेळ लागला नाही.

"सगळ्या?" तिनं विचारलं.

"समद्या न्हाईत. पर बऱ्याच," भिमाजी म्हणाला. "तू राजीनामा देऊ नगंस, पोरी. तुझं गिऱ्हाईक मी हाय."

तिनं तिथंच दुकानदाराला फोन लावला. त्या म्हाताऱ्या मंडळींना सोडून किती जातात, असं विचारलं. वीसेक, तो म्हणाला, कधी पंचवीस. प्राजक्तानं फोन ठेवला आणि ती रागावली. ती कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. फ्रिजबाहेर ठेवलेली बाटली हातात फुटली असती म्हणजे, डोळा गेला असता म्हणजे? आणि मला मूर्ख ठरवायचा तुम्हाला काय हक्क होता? दोन महिने मी स्वतःला हुशार समजत होते. बोलून झाल्यावर ती विहिरीच्या कठड्यावर बसून रडली, आणि मग घरातून हातमोजे आणि ओलं पोतं आणून, एकेक बाटली पोत्यात धरून झाकण हळूच ढिलं करत बसली. त्याला तिनं दहा पावलं लांब उभं केलं होतं.

संध्याकाळी रोहिदास घरी आला तेव्हा भिमाजी सोफ्यावर न बसता उभाच होता. त्यानं सगळं सांगितलं. बापाची मंडईतली युक्ती, मारुतराव, खोल्यांचं भाडं, काही ठेवलं नाही.

"हिचा धंदा चालला न्हाई, म्या चालीवला," तो म्हणाला. "तू टर्फवाल्याला जागा देऊन टाक. साठाचं ठरलं व्हतं ते मोडू नगं."

गोजाबाई जन्मभर त्या झाडांना सवत म्हणत आली होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिच्या पाठीवरून कळत होतं की ती रडते आहे.

रोहिदासनं बायकोकडे बघितलं. प्राजक्तानं खरा हिशेब सांगितला. आठवड्याला वीस बाटल्या. नोकरी सांभाळून रविवारी करता येतील, त्यात चहा-साखरेचा खर्च निघेल, फार तर आईंना एखादं लुगडं. शेडचा विचार संपला. टर्फच्या भाड्यापुढं हे काहीच नाही.

"हिशेब एवढाच आहे," ती म्हणाली. "पण एक सांगते. माणूस स्वतःच्या झाडाचे पेरू स्वतःच्या पैशानं विकत घेत होता, वर दुकानदाराला कमिशन देऊन. असं गिऱ्हाईक मला कुठल्या बाजारात मिळणार होतं?"

रोहिदास उठला. तो गॅलरीत गेला. तिथून खाली ती झाडं दिसायची, आता अंधुक. मग त्यानं टर्फवाल्याला फोन लावला आणि आत सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं, की जागा सध्या मोकळी नाही. कधी होईल, असं पलीकडून विचारलं असावं. त्याचं उत्तर त्यानं दिलं नाही, फोन ठेवला आणि आत आला.

"आप्पा," तो म्हणाला, "तुमी हाय तवर त्या झाडास्नी कोन हात लावनार न्हाई. फुडचं फुडं बघू."

त्याच्या परीनं त्यानं मोठं मन केलं होतं, आणि ते सगळ्यांना कळलं. प्राजक्तानं डोळे पुसले. गोजाबाई उठून पानं घ्यायला लागली. भिमाजी मात्र जेवता जेवता हिशेब करत होता. आयुष्यभर त्यानं जमिनीचे करार बघितले होते, प्रत्येकात मुदत लिहिलेली असते. झाडांची मुदतही आज ठरली होती. ती मुदत म्हणजे तो स्वतः, चौऱ्याहत्तरीचा, दोन जिने चढला की धाप लागणारा.

जेवणं झाल्यावर गोजाबाई सवयीनं त्याची रक्तदाबाची गोळी घेऊन समोर उभी राहिली. डॉक्टरांनी सांगून तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं तो "मला काय धाड भरलीया" म्हणून ती टाळत आला होता. ती बोलायला तोंड उघडणार, तोच त्यानं हात पुढे केला.

"आन ती," तो म्हणाला. "आनि सकाळची कंची असती, तीबी दावून ठेव."